खेळा, नाहीतर खोली सोडा

भाड्याच्या खोलीसाठी घरमालक काय काय अटी घालू शकतात, हे मला चांगलं ठाऊक होतं. अंडं शिजवायचं नाही, पाहुणा मुक्कामाला आणायचा नाही, गच्चीवर कपडे वाळत घालायचे नाहीत. तात्यांनी यातलं काहीच काढलं नाही. पशुवैद्यकीय दवाखान्यात नव्याने रुजू झालेली मी, एका हातात सूटकेस आणि दुसऱ्या हातात गमबुटांची पिशवी घेऊन त्यांच्या अंगणात उभी होते. त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि विचारलं,

"गुडघं कसं हायत?"

"कोणाचे?" मला वाटलं, गोठ्यातल्या एखाद्या बैलाबद्दल बोलतायत.

"तुमचं."

"बरे आहेत."

"मग दवाखाना सुटला की ग्राउंडावर यायचं. रोज. एवढी आट मान्य आसंल तर खोली तुमची. न्हाय तर बारामतीत खोल्या लई हायत."

आतून त्यांच्या बायकोचा, काकूंचा आवाज आला. "आवो, आदी पाणी तरी इचारा त्यांना!"

"पाणी खेळून झाल्यावर," तात्या म्हणाले.

खोलीला दोन खिडक्या होत्या आणि दिवसभर फिरून माझे पाय दुखत होते, म्हणून मी हो म्हणाले. मला ती अट गंमत वाटली होती. पहिल्याच आठवड्यात एका म्हशीचं अडलेलं बाळंतपण उरकून मी परतले आणि गुपचूप खोलीत शिरून आडवी झाले, तेव्हा खिडकीखाली भोंगा वाजला. "वरच्या खोलीतील प्रवाशांनी लक्ष द्यावे. लगोरी आपल्यासाठी थांबवून ठेवण्यात आलेली आहे." अख्ख्या आळीनं ते ऐकलं. मी केस बांधले आणि खाली उतरले.

बारामतीहून इंदापूरकडे जाताना लागणाऱ्या गावांपैकी ते एक. नाव सांगत नाही, कारण गावातली सगळी मंडळी खणखणीत आहेत आणि फोन करायला मागेपुढे बघत नाहीत. रस्त्याला एसटी स्टँड, स्टँडला लागून पंचायतीचं मोकळं मैदान, मैदानाच्या कडेला पिंपळाचा पार आणि पाराच्या समोर तात्यांचं घर. तात्या एसटीत वाहतूक नियंत्रक होते. म्हणजे स्टँडवरच्या त्या छोट्या केबिनमध्ये बसून कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली हे सांगणारा जो आवाज असतो, तो आवाज. निवृत्त झाल्यावर माणूस निघून आला, आवाज मात्र नोकरीतच राहिला. उंच, काटकुळी अंगकाठी, खाली पायजमा, वर जुना खाकी शर्ट, गळ्यात शिट्टी आणि हातात भोंगा. हा भोंगा त्यांनी एका भंगारवाल्याकडून घेतला होता. त्यातलं एक बटण चुकून दाबलं गेलं की आधीच्या मालकाचा आवाज उमटायचा, "भंगाऽऽर, लोखंड, पत्रा, जुनी सायकल!" तात्या त्याला न बिचकता पुढचं बोलायचे.

भोंगा तोंडाला लागला की त्यांची भाषा इस्त्री करून यायची. एरवी 'हाय' आणि 'न्हाय' म्हणणारा माणूस एकदम, "खो-खो पाराच्या बाजूला लागलेला आहे. व्हॉलीबॉल थोड्याच वेळात सुटेल. सोबतच्या मंडळींनी आत बसून, आपलं, उतरून घ्यावे," असं बोलायला लागायचा. खेळातही त्यांना गाडीच दिसायची. कबड्डीत एखादा गडी बाद झाला की तो 'उतरला' आणि नवा आत आला की तो 'चढला'.

त्यांचा जगात एकच शत्रू होता, तो म्हणजे उभा राहिलेला माणूस. मैदानाच्या कडेला हाताची घडी घालून बघत उभं राहिलेलं कोणी दिसलं की तात्यांच्या अंगाची लाही व्हायची. ते चालत जायचे, त्याच्या दंडाला धरायचे आणि विचारायचे, "आत का घरी?" तिसरा पर्याय नव्हता. पणदऱ्याकडून दूध घेऊन येणारा टँकरवाला चहाला थांबला होता, त्याला त्यांनी विटीदांडू खेळायला लावलं. मोबाईलच्या टॉवरचं काम करायला आलेली, मराठीचा गंध नसलेली माणसं संध्याकाळी सुरपारंब्या खेळताना मी पाहिली आहेत. एकदा एका वरातीचा बँडवाला पाराशी टेकला होता. तो गळ्यात ढोल तसाच ठेवून लंगडी घालत होता आणि प्रत्येक उडीला ढोल आपोआप वाजत होता.

बक्षिसांचंही त्यांना वावडं होतं. गावातल्या एका पुढाऱ्यानं वडिलांच्या नावानं करंडक द्यायची तयारी दाखवली, तेव्हा तात्या म्हणाले, "करंडक आला की चौदा जण खेळणार आन् गाव टाळ्या वाजवणार. मला टाळ्या वाजवणारं गाव नको." पुढारी चिडून गेला. जाताना फाटकापाशी थोडा थांबला म्हणून तात्यांनी त्यालाही "आत का घरी?" विचारलं.

उभ्या माणसावरचा हा राग आला कुठून, ते मला एकदाच कळलं. अंगणात शेंगा फोडत बसलो होतो. तात्या स्वतःहून म्हणाले, "सारी नोकरी मी काय केलं सांगू? उबी माणसं बगितली. काचंच्या आत मी बसल्याला, आन् भाईर माणसं उबी. कडंवर पोरं, डोक्यावर गठुडी. गाडी येती का, येती का, म्हणून माना लांब करून उबी. मी सांगणार, येईल. दुसरं काय न्हाय माझ्या हातात. तवाच ठरावलं, ह्या नोकरीतनं सुटलो की माणूस उबं ऱ्हाऊ द्यायचं न्हाय." मग एक शेंग माझ्याकडे टाकून म्हणाले, "आन् ग्राउंड फुकाट हाय. गावाचं हाय. कुणाच्या बापाला इचारायचं न्हाय. मग का उबं ऱ्हायाचं?"

मैदानावर रोज येणारी मी एकटीच बाई होते, हे मला तेव्हा खटकलं नाही. मी डॉक्टर होते. म्हणजे गावाच्या हिशोबात बाई नव्हतेच.

दिवाळीच्या सुमाराला तात्यांच्या सख्ख्या पुतण्यानं, विक्रमनं, रस्त्याकडेचा ऊस मोडून तिथं टर्फ घातलं. पुण्यात काही वर्षं नोकरी करून आलेला, हसरा, कामसू मुलगा. चारी बाजूंनी पत्र्याची उंच भिंत, वर जाळी, खाली हिरवंगार प्लॅस्टिकचं गवत, मोठमोठे दिवे, कपडे बदलायला खोल्या, स्वच्छ संडास-बाथरूम. तासावर भाडं. मोबाईलवरून वेळ राखून ठेवायची आणि क्रिकेट नाहीतर फुटबॉल खेळून घरी जायचं.

तात्या उद्घाटनाला गेले, बाहेरूनच डोकावले आणि म्हणाले, "सतरंजी चांगली हाय. वरून खुराडं बी चांगलं हाय. कोंबड्या कवा येणार?"

कोंबड्या लगेच आल्या. आधी कॉलेजातली पोरं गेली, मग व्हॉलीबॉलचा सगळा संघ गेला. पायात माती नाही, चेंडू उसात हरवत नाही, दिवे लावून खेळता येतं. कोण नाही म्हणेल? आमच्या मैदानावर लहान पोरं, दोन-चार म्हातारे आणि मी उरलो. तरीही तात्या रोज भोंगा घेऊन यायचे. एका संध्याकाळी त्यांनी रिकाम्या मैदानाकडे तोंड करून सगळी घोषणा पूर्ण केली, आणि शेवटी बोट चुकलं. "भंगाऽऽर, लोखंड, पत्रा!" पारावरचे म्हातारे हसले. तात्यांनी भोंग्याकडे पाहिलं आणि त्या दिवशी पहिल्यांदा लवकर घरी गेले.

त्याच महिन्यात शेळीचं प्रकरण झालं. काकूंची सोनी नावाची लाडावलेली शेळी होती. ती एका दुपारी टर्फवर सापडली. तिनं कोपऱ्यातलं प्लॅस्टिकचं गवत उपटून पाहिलं होतं आणि त्यात पसरलेले रबराचे काळे दाणे पोटभर खाल्ले होते. गावात बोभाटा झाला की तात्यांनी सूड म्हणून शेळी सोडली. तात्यांनी तो आरोप मोठ्या आनंदानं स्वीकारला. पारावर बसून सांगायला लागले, "जनावराला बी कळलं, ते गवत खोटं हाय म्हणून. पब्लिकला कवा कळणार?"

इकडे सोनीचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं होतं. काकू तिला ओढत दवाखान्यात घेऊन आल्या. मी तिला तेल पाजलं, पोट चोळलं, इंजेक्शन दिलं. हळूहळू शेळीला हायसं वाटायला लागलं.

"तात्यांनी असं करायला नको होतं," मी म्हणाले.

काकूंनी आधी दाराकडे पाहिलं, मग कंपाउंडरकडे पाहिलं. तो बाहेर गेल्यावर हळूच म्हणाल्या, "त्यांनी न्हाय सोडली. ती माझ्यामागं आली."

"तुम्ही टर्फवर काय करत होतात?"

काकू लाजल्या. पंचावन्नच्या पुढची ती बाई अशी लाजली की मला वाटलं, काहीतरी भलतंच ऐकायला मिळणार.

"खो-खो," त्या म्हणाल्या.

मग सगळं बाहेर आलं. दुपारी टर्फ रिकामं असतं. विक्रमला त्यांनी सहज विचारलं, आम्ही चार बाया आलो तर चालेल का? तो म्हणाला, काकू, विचारता काय, या की. म्हणून अंगणवाडीच्या बाई, डेअरीवाल्यांची सून, तिची सासू आणि अशा आणखी बऱ्याच जणी जेवणं उरकून, धुणं घेऊन निघाल्यासारखं दाखवत तिथं जायच्या. पत्र्याचं फाटक आतून लावायच्या आणि खेळायच्या.

"यांना सांगू नका," काकू म्हणाल्या. "आन् उद्या या तुमी बी. एक गडी कमी पडतोय."

मी गेले. काकूंना धावताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. पदर खोचलेला, बांगड्या मागं सारलेल्या, आणि वळताना शरीर असं झुकवायच्या की हात लागायच्या आत त्या पलीकडे. मी विचारलं, "काकू, हे कुठं शिकलात?" धापा टाकत म्हणाल्या, "पिंपळीच्या शाळंत. पणदऱ्याला सामने खेळायला गेलते आमी. मग लगीन झालं. तवापास्नं पळाले ती फकस्त म्हशीमागं." आणि खो मिळाल्याबरोबर उठून पळाल्या.

आता माझ्या खेळाच्या दोन पाळ्या झाल्या. दुपारी जमेल तेव्हा बायकोबरोबर, संध्याकाळी नवऱ्याबरोबर. एकाचं दुसऱ्याला सांगायचं नाही. गुडघे खरोखरच बरे होते म्हणून निभावलं.

हिवाळा सरता सरता गावात नवी चर्चा सुरू झाली. मैदान ओस पडलंय, तर ते करारानं विक्रमला चालवायला द्यावं. तो कुंपण घालेल, दिवे लावेल, देखभाल करेल आणि पंचायतीला वर्षाला काहीतरी देईल. लोक खेळतील तरी. सरपंचबाई हुशार आणि मोजकं बोलणाऱ्या होत्या. त्या तात्यांना म्हणाल्या, "तात्या, मला कुणाची बाजू घ्यायची न्हाय. पर ग्राउंडावर माणूस दिसत न्हाय, हे खोटं हाय का?"

"रविवारी सकाळी या," तात्या म्हणाले. "दावतो माणूस."

रविवारी सरपंचबाई आणि दोन-तीन सदस्य पाराशी आले. मैदानावर चार पोरं होती. तात्या कुठंच नव्हते. आणि मग स्टँडवरच्या स्पीकरमधून, ज्या केबिनमध्ये त्यांचाच एक जुना शागीर्द बसायचा तिथून, तो ओळखीचा आवाज आला.

"प्रवाशांनी लक्ष द्यावे. बारामतीकडे व इंदापूरकडे जाणाऱ्या दोन्ही गाड्या यायला अजून अवकाश आहे. तोपर्यंत प्रवाशांनी उभे न राहता शेजारील मैदानावर यावे. कबड्डी आणि लंगडी लागलेली आहे. सामानाची काळजी घेतली जाईल. प्रवेश विनामूल्य आहे."

स्टँडवरच्या लोकांनी आधी स्पीकरकडे माना वळवल्या. मग एक जण हसत उठला. मग दुसरा. तात्या शिट्टी वाजवत पुढे आणि त्यांच्यामागे प्रवाशांची रांग, अशी ती मिरवणूक मैदानात शिरली. मी आयुष्यात तसा खेळ पुन्हा पाहिला नाही. शर्टाची बटणं लावलेले कारकून, कारखान्याचे कामगार, एक वकील काळा कोट घडी करून, आणि नरसिंहपूरला कुलदैवताच्या दर्शनाला निघालेला एक नवरदेव, हळदीचे हात आणि पायात नवेकोरे बूट. नवरदेवानं दोन गडी मारले. वकिलानं तिसऱ्याचा पट काढला. तात्या मैदानाच्या मधोमध उभं राहून इस्त्रीच्या भाषेत प्रत्येकाला चढवत आणि उतरवत होते. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. सगळी नोकरी काचेमागून पाहिलेली माणसं एकदाची हलली होती.

आणि नवरदेव ऐन चढाईत असताना रस्त्यावर हॉर्न वाजला.

पुढचं फार पटकन झालं. 'कबड्डी कबड्डी' म्हणत असलेला नवरदेव तसाच दम न सोडता स्टँडकडे धावला. त्याला पकडायला आलेले चौघेही त्याच्यामागून धावले, कारण तीच त्यांची गाडी होती. वकील कोट विसरला, परत आला, पुन्हा धावला. धुरळा खाली बसला तेव्हा मैदानात ती चार पोरं, तात्या आणि कोणाची तरी एक चप्पल उरली होती.

सदस्य पोट धरून हसत होते. सरपंचबाई हसत नव्हत्या. त्या म्हणाल्या, "तात्या, परगावची माणसं होती ती. पर ते जाऊ द्या. एक इचारू? सगळे बाप्ये खेळत होते तवा त्यांच्या बाया कुठं होत्या?"

"सामानापाशी," तात्या म्हणाले. "कुणीतरी सामान बगाय पायजे की."

"उब्या होत्या. ती नवी नवरी सुदिक उबी होती, त्याचं घड्याळ आन् फेटा धरून. मी तिच्या शेजारी उबी होते. तुमी सगळ्या गावाला दंडाला धरून आत घेता, तात्या. आमाला कुणी इचारत न्हाय. आमी उब्या ऱ्हायलेल्या तुमाला दिसत न्हाय का?"

अडचणीत सापडलेला माणूस जे करतो तेच तात्यांनी केलं. दुसऱ्यावर चिडले. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून उठले आणि विक्रमशी एकदाचं भांडून घ्यायचं ठरवून टर्फकडे निघाले. मी आत होते. आमचा डाव रंगात आला होता. काकू पळत होत्या, डेअरीवाल्यांची सून त्यांच्यामागं लागली होती, बाकीच्या ओरडत होत्या. पत्र्याच्या दोन तुकड्यांमध्ये एक फट होती. त्या फटीत मला खाकी रंग दिसला.

मला वाटलं, आता शिट्टी वाजणार. वाजली नाही. खाकी रंग हललाही नाही. काकूंनी मारलेली हुलकावणी, त्यांचं ते झुकणं, त्यांचं मोकळं, मोठ्यानं हसणं, सगळं होईपर्यंत तात्या बाहेर उभे होते. डाव संपला तेव्हा फटीत कोणी नव्हतं.

संध्याकाळी ते मैदानावर आले नाहीत. अंगणात बसून होते. मी शेजारी जाऊन बसले.

"तिला शाळंत खेळता यायचं?" त्यांनी विचारलं.

"हो. पणदऱ्याला सामने खेळल्यात त्या."

"माझ्या घरात इतकी वर्सं हाय ती. मला म्हाईत न्हाय." मग म्हणाले, "मला का सांगितलं न्हाय?"

"तात्या, तुम्ही भोंग्यावर सांगितलं असतं."

ते हसले, पण हसू टिकलं नाही. काकू चहा घेऊन आल्या. तात्यांनी वर न बघता विचारलं, "आपलं ग्राउंड समोर हाय. फुकाट हाय. मग तितं का जाता?"

काकूंना कळलं की यांना कळलंय. कप खाली ठेवून त्या शांतपणे म्हणाल्या, "फुकाट हाय म्हणून काय झालं? तुमच्या ग्राउंडाला भिंत न्हाय. पारावर म्हातारी, स्टँडावर पोरं, रस्त्यानं ट्रॅक्टर. तुमी एकाला हाकलला तर मागं धा हायत. पदर खोचून पळायचं कसं? आन् बाईमाणसाला मधीच जायाचं झालं तर जायाचं कुठं? उसात? विक्रमच्यात भिंत हाय, मोरी हाय, दाराला कडी हाय. मला काय सतरंजीचं कवतिक न्हाय."

तात्यांनी कप उचलला आणि चहा निवेपर्यंत हातातच धरून ठेवला.

ग्रामसभेला गर्दी जमली, कारण काका-पुतण्यांची जुंपणार अशी सगळ्यांना खात्री होती. विक्रमनं आपलं म्हणणं नीट मांडलं. मग तात्या उठले. भोंगा आणला नव्हता. भोंग्याशिवाय त्यांचा आवाज लहान वाटला.

"ग्राउंड देऊ नका, आसं मी सांगणार, हे तुमाला म्हाईत हाय," ते म्हणाले. "ते सांगतोच. पर माझं बी चुकलं. ग्राउंड सगळ्यांचं हाय आसं मी रोज बोंबलतोय, आन् माझ्या घरातलं माणूस दुसऱ्याच्या खुराड्यात जाऊन खेळतंय. तिथं जाळी हाय म्हणून न्हाय. तिथं संडास हाय म्हणून. मी इतकी वर्सं शिट्टी मारली, संडास मागितला न्हाय. मला गरज न्हवती."

मागून कोणीतरी म्हणालं, "आता बाया कबड्डी खेळणार व्हय?" हशा पिकला.

काकू उठल्या. त्यांना उठलेलं पाहून हशा विरला, कारण त्या बाईनं ग्रामसभेत आजवर तोंड उघडलं नव्हतं.

"कबड्डी न्हाय," त्या म्हणाल्या. "खो-खो. आन् तू आसशील तर तुला बी घेऊ. पळायला येतं का?"

या वेळी हशा दुसऱ्या बाजूनं आला. मग त्या विक्रमकडे वळल्या. "विक्रम, बाळा, तू आमाला जागा दिलीस, तुझं उपकार हायत. पर खरं सांग. दुपार किती दिस आमची?"

विक्रमनं मान खाली घातली. चांगला मुलगा होता, खोटं बोलला नाही. "काकू, जूनपास्नं दुपारची वेळ बारामतीच्या अकॅडमीला दिलीय. मला बँकेचं बगावं लागतं."

"तुझं बरोबर हाय. रिकामी होती तवर आमची. म्हणून तर म्हणते, गावाचं पायजे. पर आमाला जाता येईल आसं पायजे."

मैदान गावाकडेच ठेवायचं म्हणणाऱ्यांना सरपंचबाईंनी हात वर करायला सांगितलं. बायका आधी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग डेअरीवाल्यांच्या सासूनं हात वर केला. सासूनं केला म्हटल्यावर सुनांना अडचण उरली नाही.

मैदान पंचायतीकडेच राहिलं. संडास-बाथरूम आधी झालं, दिवे नंतर आले, पाराच्या बाजूची भिंत बरीच रेंगाळली आणि शेवटी विक्रमनंच आपले उरलेले पत्रे आणून आडोसा करून दिला. त्याचं टर्फही जोरात चालू राहिलं. पैसे मोजू शकणारी पोरं तिथं खेळत राहिली, काही इकडेही परतली. तात्या त्याला अजून खुराडंच म्हणायचे, पण आता आत जाऊन चहा पीत म्हणायचे.

संध्याकाळचा पहिला तास बायकांचा ठरला. त्या तासात तात्यांना मैदानावर बंदी होती. हुकूम काकूंचा. पहिल्या दिवशी तात्यांनी बाहेरून एकच घोषणा करायची परवानगी मागितली, ती नाकारण्यात आली. मग ते मैदानाकडे पाठ करून पारावर बसायचे आणि डोकावायला येणाऱ्या प्रत्येकाला परतवून लावायचे. आतून आरडाओरडा झाला की त्यांचे खांदे ताठ व्हायचे, पण मान वळायची नाही. काकू पदर सोडत बाहेर आल्या की आधी विचारायचे, "कोण जिंकलं?" बक्षिसाचं वावडं असलेला हाच तो माणूस.

पुढे माझी बदली झाली. नव्या गावात मला खोली देताना कोणी गुडघ्यांची चौकशी केली नाही. संध्याकाळी दवाखाना सुटला की पाय आपोआप कुठल्यातरी मैदानाकडे वळायचे, आणि तिथं मैदान नव्हतं.

एका सकाळी तात्यांचा फोन आला. आवाज ना इस्त्रीचा होता ना बिनइस्त्रीचा. "डॉक्टरीणबाई, ही पडली. हात मोडला. बारामतीच्या दवाखान्यात हाय." पोरांच्या फुटलेल्या गुडघ्यांना 'माती लाव, उठ' म्हणणारा तो माणूस फोनवर रडत होता. म्हणत होता की सगळं त्यांच्यामुळे झालं, या वयात तिला पळायला लावलं, आता तो तास बंद करायचा, पत्र्याचा आडोसा पाडायचा, भोंगा विकायचा.

मी सुटी टाकून गेले. काकू कॉटवर बसल्या होत्या, डावा हात प्लास्टरमध्ये. भोवती खो-खोचा अख्खा संघ जमला होता आणि सगळ्या जणी तो डाव आपापल्या परीनं सांगत होत्या. तात्या दाराशी टेकून उभे होते, तोंड एवढंसं झालेलं.

"दुखतंय का हो फार?" मी विचारलं.

"दुखतंय की." काकूंनी प्लास्टरचा हात थोडा वर करून मला दाखवला, नवा दागिना दाखवावा तसा. "ह्यो आंगठा कडबा कुट्टीत सापडलेला. ह्या पायावर म्हशीनं पाय दिलेला. पाठ तर हिरीच्या पायऱ्यांवर गेली. बाई, आजवर आंगाला जे काय लागलं ते काम करताना लागलं."

मग त्यांनी दाराकडे, तात्यांकडे पाहिलं आणि जरा मोठ्यानं म्हणाल्या,

"खेळताना पयल्यांदाच लागलंय."